हॉट सीटच्या अलीकडे

दूरचित्रवाणीवरील ज्ञानस्पर्धेचा स्पर्धक प्रेक्षकांना प्रथम दिसतो तो स्टुडिओच्या झगमगाटात, आणि तिथून पुढे त्याचे काय होते हे लक्षावधी लोक पाहतात. मात्र त्या प्रकाशात येण्यापूर्वी तो ज्या निवडप्रक्रियेतून वाट काढत आलेला असतो, ती पडद्यावर जवळजवळ कधीच दिसत नाही. त्यामुळे तिच्याविषयी दोन टोकांचे समज रूढ झाले आहेत. पहिल्या समजानुसार हा सगळा नशिबाचा खेळ असून ज्याचा नंबर लागायचा त्याचाच लागतो, तर दुसऱ्या समजानुसार ही स्पर्धा परीक्षांसारखीच एक परीक्षा असून हुशार तेवढे आत आणि बाकीचे बाहेर. वस्तुतः ही एकाखाली एक लावलेल्या अनेक चाळण्यांची व्यवस्था आहे आणि प्रत्येक चाळणीची जाळी वेगळी आहे: एक योगायोगाने निवडते, दुसरी ज्ञान पाहते, तिसरी माणूस पाहते आणि शेवटची वेग मोजते. कोणती चाळणी काय निवडते हे ज्याला उमगते, त्याची तयारी योग्य दिशेने होते आणि अपयश आले तरी त्याचा अर्थ त्याला नीट लावता येतो. भारतीय प्रेक्षकांना या व्यवस्थेचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे ‘कौन बनेगा करोडपती’. म्हणून येथील विवेचन मुख्यतः त्या कार्यक्रमाच्या आधारे केले आहे.

या कार्यक्रमाचे मूळ ब्रिटनमधले. ४ सप्टेंबर १९९८ रोजी तेथील आयटीव्ही वाहिनीवर ‘हू वॉन्ट्स टू बी अ मिलिअनेअर?’ सुरू झाला, पाहता पाहता त्याचा आराखडा जगभरातील वाहिन्यांनी विकत घेतला, आणि ३ जुलै २००० रोजी अमिताभ बच्चन यांच्या सूत्रसंचालनाखाली त्याची हिंदी आवृत्ती स्टार प्लसवर अवतरली. ज्ञानस्पर्धा भारतात त्याआधीही होत्या. रेडिओवरून ‘बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट’ घरोघरी पोहोचली होती आणि १९८५ मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसू यांचा ‘क्विझ टाइम’ गाजला होता; पुढे ‘करोडपती’च्या निर्मितीची धुराही बसू यांनीच सांभाळली. मात्र त्या जुन्या स्पर्धांमध्ये शाळा-महाविद्यालयांचे संघ उतरत, भाषा इंग्रजी असे, आणि संघात यायचे तर आधी त्या संस्थेत असावे लागे. ‘करोडपती’ने हे दार काढून टाकले. कोणत्याही संस्थेच्या शिफारशीवाचून, पदवीवाचून आणि इंग्रजीवाचूनही एखाद्या प्रौढ नागरिकाला घरातल्या फोनवरून राष्ट्रीय स्पर्धेत नाव नोंदवता येऊ लागले, आणि या कार्यक्रमाचे सामाजिक महत्त्व बक्षिसाच्या रकमेपेक्षा या गोष्टीत अधिक आहे. पहिल्याच वर्षी एक कोटी रुपये जिंकणारे हर्षवर्धन नवाथे हे लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करणारे मुंबईचे तरुण होते. मराठीत ही संधी २०१३ मध्ये ई टीव्ही मराठीवरील ‘कोण होईल मराठी करोडपती’ या सचिन खेडेकर यांच्या कार्यक्रमाने आणली, आणि २०१९ मध्ये सोनी मराठीवर नागराज मंजुळे यांच्या सूत्रसंचालनाखाली ‘कोण होणार करोडपती’ सुरू झाला. हिंदीत बोलताना अडखळणाऱ्या, पण मराठीतून भरपूर वाचन केलेल्या अनेकांना त्यामुळे आपल्या भाषेत उत्तर देण्याची सोय झाली.

पहिली पायरी नोंदणीची. नवा हंगाम जवळ आला की ठरावीक दिवस रोज रात्री वाहिनीवर एक प्रश्न चार पर्यायांसह विचारला जातो आणि त्याचे उत्तर दिलेल्या मुदतीत एसएमएसने किंवा वाहिनीच्या मोबाइल अ‍ॅपवरून कळवायचे असते. उमेदवार भारतीय नागरिक व किमान १८ वर्षांचा असावा लागतो, आणि वाहिनी, निर्मितीसंस्था व त्यांच्याशी संबंधित कंपन्यांचे कर्मचारी तसेच त्यांचे निकटचे नातेवाईक यांना भाग घेता येत नाही. हे नोंदणीचे प्रश्न बहुधा सोपे असतात आणि त्यामागे उघड कारण आहे: अधिकाधिक लोकांनी सहभागी व्हावे हाच या टप्प्याचा हेतू असतो. प्रश्न सोपा असला की अचूक उत्तर देणाऱ्यांची संख्या अफाट होते आणि त्यांतून पुढे कोणाला घ्यायचे हे संगणकाने केलेल्या यादृच्छिक निवडीवर, म्हणजे चिठ्ठ्या टाकून नाव काढण्याच्या यांत्रिक पद्धतीवर, सोपवावे लागते. याचा अर्थ असा की सर्वांत जास्त माणसे ज्या टप्प्यावर गळतात, तेथे ज्ञानाचा कस जवळजवळ लागतच नाही. वर्षानुवर्षे बरोबर उत्तर पाठवूनही ज्याला फोन आला नाही, त्याला कोणीही नापास केलेले नसते. दररोजचा प्रश्न स्वतंत्र असल्याने प्रत्येक दिवशी नोंदणी करणे, एवढाच या चाळणीवरचा उपाय आहे.

यादृच्छिक निवडीत ज्याचे नाव निघते त्याला फोन येतो आणि फोनवरच सामान्यज्ञानाचे काही पर्यायी प्रश्न विचारले जातात. येथून ज्ञानाची चाळणी सुरू होते. चार पर्यायांच्या तीन प्रश्नांची उत्तरे निव्वळ अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता ६४ मध्ये १ एवढीच असल्याने, थोड्या प्रश्नांतूनही अंदाजपंचे उत्तरे देणारे बरेचसे बाजूला पडतात. हा फोन उमेदवाराच्या सोयीने येत नाही. तो बाजारात, बसमध्ये किंवा स्वयंपाकाच्या गडबडीत येऊ शकतो, आणि ऐनवेळी मन एकाग्र करता न आल्याने चांगले तयारीचे लोकही येथे चुकतात. पुढच्या टप्प्यावर निवडक शहरांत प्रत्यक्ष चाचणी होते, तिलाच सर्रास ‘ऑडिशन’ म्हटले जाते. ओळखपत्रांची तपासणी, सामान्यज्ञानाची वेळ लावून घेतलेली परीक्षा आणि त्यात उतरणाऱ्यांची मुलाखत असे तिचे स्वरूप असते. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे ही सारी व्यवस्था मोबाइलवर न्यावी लागली: बच्चन यांनी नोंदणीचे प्रश्न स्वतःच्या घरून चित्रित केले, परीक्षा अ‍ॅपवर झाली आणि मुलाखती व्हिडिओ कॉलवर. संकटातून आलेल्या या बदलाचा एक फायदा असा झाला की आडगावच्या उमेदवाराला चाचणीसाठी मोठ्या शहराचा प्रवास आणि तेथील मुक्कामाचा खर्च यांचा विचार करावा लागला नाही.

मुलाखत ही या प्रक्रियेतील सर्वांत नाजूक आणि सर्वांत कमी समजली गेलेली पायरी. परीक्षेत चांगले गुण मिळवूनही येथे थांबावे लागलेल्या उमेदवाराला हा अन्याय वाटतो, कारण त्याची कल्पना अशी असते की मुलाखतीतही ज्ञानच तपासले जाणार. प्रत्यक्षात मुलाखत घेणाऱ्यांसमोर वेगळा प्रश्न असतो. सूत्रसंचालकासमोरच्या खुर्चीवर, म्हणजे ‘हॉट सीट’वर, हा माणूस तासभर बसला तर प्रेक्षक त्याच्यात गुंततील का, तो मोकळेपणाने बोलेल का, उत्तर शोधताना मनातले विचार उच्चारून दाखवील का, आणि जिंकलेल्या पैशांचे तो काय करणार याविषयी त्याच्याजवळ सांगण्याजोगे काही आहे का, याचा अंदाज त्यांना घ्यायचा असतो. म्हणून प्रश्न घरच्यांविषयी, कामाविषयी, आवडीनिवडींविषयी आणि आयुष्यातील अडचणींविषयी असतात. पाठ केलेले भाषण येथे लगेच उघडे पडते. ‘समाजासाठी काहीतरी करायचे आहे’ या वाक्याने मुलाखत घेणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. पण गावातील वाचनालयाचे गळके छप्पर दुरुस्त करायचे आहे, असे कोणी सांगितले तर तो माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो.

२०१९ मध्ये एक कोटी रुपये जिंकणाऱ्या बबिता ताडे अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी येथील. शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवण्याचे काम त्या करीत, त्याबद्दल त्यांना महिन्याला १,५०० रुपये मिळत, आणि मोठी रक्कम जिंकल्यास काय घेणार या प्रश्नावर त्यांनी मोबाइल फोनची इच्छा सांगितली, तेव्हा देशभरच्या प्रेक्षकांना त्यांच्या आयुष्याचे मोजमाप एका क्षणात कळले. पण त्यांची कहाणी हृदयस्पर्शी होती म्हणून त्या जिंकल्या असे म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. कहाणीने फार तर खुर्चीपर्यंत पोहोचण्यास हातभार लावला असेल. कोटीपर्यंतची उत्तरे त्यांच्या वाचनातूनच आली. कोल्हापूरच्या कविता चावला यांचे उदाहरण दुसऱ्या अंगाने महत्त्वाचे आहे. बारावीपर्यंत शिकलेल्या या गृहिणीने कार्यक्रम सुरू झाला तेव्हापासून प्रयत्न चालू ठेवले, मुलाचा अभ्यास घेता घेता स्वतःचाही अभ्यास केला, २०२१ मध्ये त्या स्टुडिओपर्यंत पोहोचूनही हॉट सीट गाठू शकल्या नाहीत, आणि २०२२ मध्ये त्यांनी एक कोटी रुपये जिंकले. दोन दशकांच्या या प्रयत्नांत त्यांचे ज्ञान दरवर्षी वाढत होते, तर पहिल्या चाळणीतला योगायोग मात्र दरवर्षी तसाच होता.

व्यक्तिमत्त्वाच्या या चाळणीवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीर आहे. हालअपेष्टांच्या कहाणीला पडद्यावर मोल येते हे एकदा कळले की उमेदवारांना आपले दुःख मांडण्याची, प्रसंगी फुगवून मांडण्याची ओढ लागते, आणि सुखवस्तू घरातील शांत स्वभावाचा, भरपूर वाचलेला मनुष्य आपल्याजवळ ‘कहाणी’ नाही म्हणून मागे पडतो. कार्यक्रम करमणुकीचाही असल्याने ही चाळणी काढून टाकता येणार नाही, हे मान्य केले तरी उमेदवाराने आपल्या घरातील कोणती गोष्ट देशासमोर उघडी करायची याची सीमा मुलाखतीपूर्वीच ठरवलेली असणे आवश्यक आहे. मुलाखतीत सांगितलेला प्रत्येक तपशील पुढे चित्रीकरणात येऊ शकतो आणि त्यात आई-वडिलांचा, जोडीदाराचा, मुलांचाही वाटा असतो. त्यांना विचारल्याशिवाय तो तपशील सांगू नये. बिहारमधील मोतिहारीचे सुशील कुमार यांनी २०११ मध्ये पाच कोटी रुपये जिंकले तेव्हा ते मनरेगा योजनेत संगणकचालक म्हणून तुटपुंज्या पगारावर काम करीत होते. त्या विजयानंतर प्रसिद्धीच्या दडपणाने, फसवणुकीने आणि व्यसनाने आपली कशी वाताहत झाली, हे त्यांनी पुढे स्वतःच सार्वजनिकपणे लिहिले. पुढे ते त्यातून सावरले, शिक्षक झाले. बक्षीस मोजून मिळते, प्रसिद्धी मोजून मिळत नाही.

निवडीत व्यक्तिमत्त्वाला किती जागा द्यावी या प्रश्नाचा सर्वांत कडू धडा १९५० च्या दशकात अमेरिकेने घेतला. एनबीसी वाहिनीवरील ‘ट्वेंटी-वन’ या स्पर्धेत हर्बर्ट स्टेम्पेल हा स्पर्धक सतत जिंकत होता, परंतु निर्मात्यांना पडद्यावर अधिक देखणा व लोभस चेहरा हवा होता. कोलंबिया विद्यापीठात शिकवणाऱ्या चार्ल्स व्हॅन डोरेन या तरुणाची त्यांनी निवड केली, त्याला उत्तरे आधी पुरवली, आणि १९५६ च्या डिसेंबरात स्टेम्पेलला ठरवून हरायला लावले. या प्रकरणाची चौकशी अमेरिकी काँग्रेसच्या समितीसमोर झाली, नोव्हेंबर १९५९ मध्ये व्हॅन डोरेन याने तेथे सर्व कबूल केले, आणि १९६० मध्ये ज्ञानस्पर्धेचा निकाल आधी ठरवून ठेवणे कायद्याने गुन्हा ठरले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की स्टेम्पेलला हरवण्याचा डाव प्रश्नांपासून सुरू झाला नव्हता. तो सुरू झाला होता कोणता स्पर्धक लोकांना आवडेल या विचारापासून. स्पर्धकाची निवड करणारे आणि प्रश्न सांभाळणारे यांच्यात भिंत हवी ही जाणीव त्या घटनेतून आली. ‘जेपर्डी!’ या अमेरिकी स्पर्धेत आज प्रथम ५० प्रश्नांची संगणकीय चाचणी घेतली जाते, प्रत्येक प्रश्नाला अवघे १५ सेकंद मिळतात, आणि चाचणीत उतरलेल्यांपैकी काहींनाच पुढे बोलावले जाते. म्हणजे तेथे ज्ञानाची चाळणी आधी आहे आणि योगायोगाची नंतर. आपल्याकडे क्रम उलटा आहे. वाचन करणाऱ्याच्या दृष्टीने अमेरिकी क्रम अधिक न्याय्य आहे, तर ज्याने आजवर कोणतीही परीक्षा दिलेली नाही अशा माणसाला उंबरठा ओलांडण्याचे धैर्य देण्याच्या दृष्टीने आपला क्रम अधिक उदार आहे.

स्टुडिओत पोहोचल्यावरही निवड संपत नाही. साधारणतः दहा स्पर्धकांचा गट एकत्र बसवला जातो आणि त्यांतून हॉट सीटवर कोण जाणार हे ‘फास्टेस्ट फिंगर फर्स्ट’ या फेरीत ठरते. तिचा मूळ प्रकार असा की चार पर्याय सांगितलेल्या क्रमाने लावायचे आणि सर्वांत कमी वेळात अचूक क्रम लावणाऱ्याने पुढे जायचे. समजा प्रश्न असा आहे की भीमा, तापी, कृष्णा आणि गोदावरी या नद्या त्यांच्या उगमस्थानांनुसार उत्तरेकडून दक्षिणेकडे लावा. तापी मुलताईला, गोदावरी त्र्यंबकेश्वरला, भीमा भीमाशंकरला आणि कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, हे शाळेत शिकलेल्या अनेकांना ठाऊक असते. तरीही ही चारही ठिकाणे मनातल्या नकाशावर ठेवून, त्यांचा क्रम लावून, तो क्रम पडद्यावरील अक्षरांत बदलून चार वेळा बोट टेकवायचे, आणि हे सारे काही सेकंदांत करायचे, तर गोदावरी आधी की भीमा एवढ्याशा विचारातही बाजी हातची जाते. चार पर्यायांचे २४ वेगवेगळे क्रम होऊ शकतात, त्यामुळे अंदाज येथे फारसा कामी येत नाही. अनुभवी स्पर्धक आधी दोन टोके, म्हणजे सर्वांत उत्तरेचे व सर्वांत दक्षिणेचे ठिकाण, पक्की करतात आणि मधल्या दोनांचाच विचार करतात. या फेरीत मागे राहिलेले बहुतेक जण घरी परततात आणि त्यांची नावेही प्रेक्षकांच्या लक्षात राहत नाहीत, मात्र तोवरच्या साऱ्या चाळण्या त्यांनीही पार केलेल्या असतात.

तयारीविषयी सांगायचे तर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास उपयोगी पडतो, पण पुरा पडत नाही. चालू घडामोडी, राज्यघटना, भूगोल आणि इतिहास यांच्या जोडीला चित्रपट, क्रीडा, पुराणकथा, पाककृती आणि रोजच्या वापरातल्या वस्तू यांवरही प्रश्न येतात, आणि पोथ्या-पुराणे ऐकत वाढलेली आजी एखाद्या प्रश्नावर पदवीधर नातवाला मागे टाकू शकते. रोजचे वर्तमानपत्र नकाशा जवळ ठेवून वाचण्याची सवय आणि चार गोष्टी क्रमाने लावण्याचा वेळ लावून केलेला सराव, हे दोन उपाय खर्चाविना होण्यासारखे आहेत. फोनवरून मित्राची मदत घेण्याची लाइफलाइन असलेल्या हंगामात नावे आधी द्यावी लागतात; तेथे लाडक्या भाच्याचे नाव भिडेपोटी देण्यापेक्षा आपले ज्ञान जेथे तोकडे आहे त्या विषयातील जाणकार शोधणे शहाणपणाचे ठरते. हॉट सीटवर चुकीचे उत्तर दिल्यास स्पर्धक मागच्या सुरक्षित टप्प्यावर, म्हणजे ‘पडावा’वर, घसरतो, म्हणून उत्तर ठाऊक नसल्यास खेळ सोडण्याचा निर्णय कोणत्या रकमेला घ्यायचा, याचा विचार घरीच झालेला असावा. स्टुडिओच्या प्रकाशात तो विचार सुचत नाही.

पैशाच्या बाबतीतही स्पष्टता हवी. अशा स्पर्धेतून मिळणाऱ्या रकमेवर आयकर सरसकट ३० टक्के दराने लागतो, त्यावर उपकर आणि रक्कम मोठी असल्यास अधिभारही येतो, आणि इतर उत्पन्न नसले तरी करमाफीच्या मर्यादेचा लाभ मिळत नाही. एक कोटीच्या बक्षिसातून एक तृतीयांशाहून अधिक रक्कम करापोटी जाते. नोंदणीच्या संदेशांना लागणारा दर हाही वादाचा विषय झालेला आहे. २००७ च्या हंगामात प्रेक्षकांसाठी ‘हर सीट हॉट सीट’ नावाची स्पर्धा होती आणि तिच्या एसएमएसला २ रुपये ४० पैसे पडत; त्या पैशातूनच बक्षीस दिले जाते आणि हे प्रेक्षकांपासून लपवले जाते, असा ठपका ठेवून राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २००८ मध्ये वाहिनी व दूरसंचार कंपनी यांना एक कोटी रुपयांचा दंड केला. तसा पुरावा नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हा आदेश रद्द केला. तरीही संदेश पाठवण्यापूर्वी त्याचा दर पाहणे हे प्रत्येक उमेदवाराच्या हिताचे आहे.

सर्वांत मोठा धोका मात्र कार्यक्रमाच्या बाहेर आहे. या कार्यक्रमाच्या नावाने २५ लाखांची लॉटरी लागल्याचे संदेश आणि ध्वनिफिती अनेक वर्षे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आहेत, त्यांवर बच्चन यांचे छायाचित्र असते, आणि रक्कम मिळण्यासाठी आधी ‘कर’ किंवा ‘प्रक्रिया शुल्क’ भरायला सांगितले जाते. जी स्पर्धा प्रश्न विचारून, परीक्षा घेऊन, मुलाखत घेऊन एकेक स्पर्धक निवडते, ती न खेळणाऱ्याला २५ लाख देत नाही. निवड झाली आहे, ऑडिशनची जागा राखून ठेवतो किंवा बक्षीस पाठवतो असे सांगून कोणी पैसे, बँकेचा तपशील किंवा ओटीपी मागितल्यास फोन तेथेच ठेवावा, संदेश पुसून न टाकता पुरावा म्हणून जपावा, आणि पैसे गेले असल्यास वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय सायबर मदतक्रमांकावर तक्रार नोंदवावी.